शे यांचे इंजिन आणि नेरळच्या पोकळ आसाची मापे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

19 एप्रिल हा गियरवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचे कर्ते एफ्रेम शे यांचा स्मृतिदिन. 1916 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, हार्बर स्प्रिंग्ज या गावी ते वारले. मराठीत नाव लिहिले की शंभराचा ‘शे’ वाटतो, आणि रेल्वेच्या जुन्या मंडळींखेरीज ते आपल्याकडे कोणाला ठाऊकही नसते. माथेरानच्या गाडीवर वर्तमानपत्रांतून वरचेवर कौतुकाने लिहिले जाते. त्या विषयाशी शे यांच्या इंजिनाचा आणि ते आजवर चालते ठेवणाऱ्या माणसांचा जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र. माथेरानच्या जुन्या इंजिनांमधल्या पोकळ आसाची मापे घेऊन ठेवावीत, ही आमची मागणी शेवटी येते. ते लांबले आहे. कापायचे झाल्यास आकडे ठेवावेत, बाकीचे कापावे.

शे यांचा धंदा लाकूड कापायचा. मिशिगनमधल्याच कॅडिलॅक गावाजवळ हेरिंग येथे त्यांची गिरणी होती. जंगलातून ओंडके आणायला लाकडाच्याच रुळांवरून ट्रामवे टाकलेली. नेहमीच्या धाटणीचे वाफेचे इंजिन तिच्यावर चालवले की रूळ पिचत, पण तेवढेच वजन लादलेले वाघिणीचे डबे मात्र त्याच रुळांवरून निमूट जात. फरक होता चाकांच्या मांडणीत. डब्याची चाके दोन स्वतंत्र बोगींवर, म्हणजे डब्याखाली वेगळ्या फिरणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर, असतात; वळणाला बोगी फिरते आणि खड्ड्याला वाकते. इंजिनाची चाके एका ताठ सांगाड्यात जखडलेली असतात, शिवाय दांड्यांचे हेलकावे रुळावर घाव घालतात. शे यांनी सपाट डब्यावर बॉयलर चढवला आणि बोगींची चाकेच फिरवायचे ठरवले. ओहायोतल्या लिमा येथील कारखान्याने 1880 मध्ये तसे इंजिन बांधले, 14 जून 1881 रोजी शे यांना पेटंट मिळाले, आणि 1945 पर्यंत अशी सुमारे 2,770 इंजिने बाहेर पडली. आज जगभरात शंभराच्या थोडी वर उरली आहेत.

रचना अशी. सिलिंडर उभे, दोन किंवा तीन, सगळे इंजिनाच्या उजव्या अंगाला. त्यांचे वजन तोलायला बॉयलर मधल्या रेषेपासून डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिले तर इंजिन चक्क वाकडे दिसते. सिलिंडरखाली क्रँकशाफ्ट, तिला पुढेमागे जोडलेला लांब शाफ्ट इंजिनाच्या बाजूने धावतो. त्यावर बसवलेली छोटी बेव्हल पिनियन, म्हणजे शंकूच्या आकाराची लहान दातेरी चाके, इंजिनाच्या चाकांच्या बाहेरच्या तोंडावरील मोठ्या बेव्हल गियरला फिरवतात. पिनियन साधारण सव्वादोन-अडीच वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. पाण्याच्या टाकीखालची बोगीसुद्धा याच शाफ्टवर. म्हणजे इंजिनाचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर येते.

त्याचा फायदा हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. बोरघाटाचा चढ एकास सदतीस (सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर), माथेरानचा एकास वीस. पश्चिम व्हर्जिनियातल्या कॅस येथील जंगल रेल्वेवर काही ठिकाणी तो जवळजवळ एकास नऊ आहे. एकास नऊच्या चढावर प्रत्येक टन वजन सुमारे 110 किलोच्या जोराने मागे ओढते. चाकांचा रोध धरून 120 म्हणू. 80 टनी इंजिन घ्या, कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या चौथा हिस्सा धरा आणि सिलिंडर तेवढा जोर देतात असे समजा. सगळे वजन चालत्या चाकांवर असेल तर 20 टनांचा जोर लागू होतो, एकूण सुमारे 166 टन वर चढतात, म्हणजे इंजिन वजा जाता 86 टनांची गाडी. त्याच वजनाच्या पण टेंडरवाल्या (कोळसा-पाण्याचा वेगळा डबा मागे असलेल्या) इंजिनाचे, समजा, 50 टनच चालत्या चाकांवर असले तर गाडी उरते 24 टनांची. रूळ ओला झाला आणि पकड 15 टक्क्यांवर उतरली की पहिले इंजिन तरीही 20 टनांची गाडी नेते. दुसरे स्वतःलाच वर नेऊ शकत नाही, जागेवर चाके फिरवत राहते. पकडीसाठी रुळावर वाळू सोडणाऱ्या डब्याचे महत्त्व घाटात काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

वेग मात्र बेताचा, ताशी 20 किलोमीटर म्हणजे फारच झाले. आवाजाने माणूस फसतो. तीन सिलिंडर, क्रँकच्या एका फेऱ्यात वाफेचे सहा फटके, त्याला गियरचे प्रमाण. ताशी 10 किलोमीटरला मिनिटाला 800 च्या आसपास फटके पडतात. डोळे मिटून ऐकणाऱ्याला मेल चालली आहे असे वाटावे, आणि उघडून पाहावे तर सायकलवाला बाजूने पुढे निघून गेलेला.

कॅसचा कारखाना 1901 च्या सुमाराचा. डोंगरावरचे स्प्रूसचे लाकूड कागदाच्या लगद्यासाठी खाली आणायचे, हे या रेल्वेचे काम. ट्रक आले, जंगल विरळ झाले, आणि 1960 मध्ये धंदा बंद पडला. भंगारवाले रूळ उखडायला आलेलेही होते. पेनसिल्व्हेनियातल्या सनबरीचे रसेल बॉम हे रेल्वेशौकीन गृहस्थ तेव्हा खटपटीला लागले. राज्य सरकारने ही रेल्वे इंजिनांसकट विकत घ्यावी आणि प्रवाशांसाठी चालवावी, हे त्यांनी स्थानिक लोकांना आणि विधिमंडळातल्या सदस्यांना पटवले. 1963 च्या उन्हाळ्यात ओंडक्यांच्या सपाट वाघिणींवर बाकडी ठोकून गाडी सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात सुमारे 23,000 लोक बसले. 1968 पासून ती बॉल्ड नॉब या 4,842 फूट उंच शिखराजवळपर्यंत जाते. 1905 साली बांधलेले पाच नंबरचे शे इंजिन तिथे आजही आहे.

बॉम यांचे श्रेय मोठेच, पण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे काम, ज्यावर सहसा कोणी लिहीत नाही. इंजिन विकत घेता येते. ते दर हंगामात घाट चढेल अशा स्थितीत साठ वर्षे ठेवायला कार्यशाळा लागते, आणि कार्यशाळेतल्या माणसांच्या हातात ज्ञान लागते. कॅसची कार्यशाळा 1972 मध्ये जळाली, तरी ती पुन्हा उभी राहिली.

शे इंजिनात काय बिघडते ते सांगतो, म्हणजे हे ज्ञान म्हणजे काय ते ध्यानात येईल. वळणावर बोगी फिरली की पिनियन आणि क्रँकशाफ्ट यांच्यातले अंतर कमी-जास्त होते. म्हणून शाफ्टमध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट (वाकूनही फिरणारे सांधे) आणि त्यांच्यामध्ये चौकोनी दांडा चौकोनी नळीत सरकेल अशी सोय असते. या नळीत ग्रीस सुकले की दांडा सरकत नाही, आणि सगळा रेटा पिनियनवर येतो. पिनियन गियरमध्ये घुसते किंवा बाहेर सरकते, दात टोकावर घासतात आणि शेवटी तुटतात. दोष दिसतो दाताला, असतो नळीत. नुसता गियर बदलणारा फिटर पुढच्या वर्षी पुन्हा गियर बदलतो.

गियर उघडे असतात. वाळू, चिखल, पाला सगळे त्यात जाते. पिनियन अधिक फेरे घेते म्हणून आधी झिजते. झिजलेल्या गियरवर नवे पिनियन चढवले तर दोघांचे जुळत नाही, नवे झपाट्याने खाल्ले जाते. दातांमधली मोकळीक तपासायची जुनी पद्धत आजही चांगली: शिशाची तार दातांमध्ये ठेवून चाक हळू फिरवायचे आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. गियरच्या घेरावर चार ठिकाणी माप घ्यावे. चारही आकडे सारखेच वाढलेले आले तर झीज आहे. एका बाजूला कमी आणि समोर जास्त आले तर गियर चाकावर मध्यात बसलेला नाही. मग दाताला निळा रंग लावून डाग कुठे उमटतो ते पाहायचे. डाग दाताच्या मधल्या भागात हवा. टोकाला आला तर पिनियनचा शाफ्ट बेअरिंगमध्ये खाली बसला आहे.

नवा गियर ओतायचा तर लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा घेण्याचा नमुना, लागतो, आणि इथे हौशी मंडळी हमखास फसतात. जुनाच गियर वाळूत दाबून साचा घेतला की काम झाले असे वाटते. पोलाद थंड होताना साधारण 2 टक्के आकसते, बीड 1 टक्का. 60 सेंटिमीटरचा गियर असा ओतला तर 12 मिलिमीटर लहान निघतो, शिवाय जुन्या दाताची झीजही जशीच्या तशी त्यात उतरते. दातांची संख्या, शंकूचा कोन आणि जोडीदार गियरची मापे यांवरून दाताचा मूळ आकार काढावा लागतो, पॅटर्न आकसण्याइतका मोठा करावा लागतो आणि रंधायला अंगावर धातू सोडावा लागतो. हा पॅटर्न एकदा हाती आला की तो इंजिनाइतकाच जपायला हवा. बहुतेक ठिकाणी पावसाळ्यात छप्पर गळते आणि आधी सडतो तो हाच.

बॉयलरचे वेगळेच. एकास नऊच्या चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या दोन टोकांत 33 सेंटिमीटरचा फरक पडतो. धुराडे चढाकडे असेल तर पाणी मागे येते, फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, माथा बुडालेला राहतो आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच खऱ्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. धुराडे उताराकडे झाले की माथा उघडा पडायचा धोका. माथ्यावर पाणी नसले की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि खाली येतो. माथ्यात बसवलेला मऊ धातूचा फ्युजिबल प्लग वितळून वाफ आगीवर सोडतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवून कोणी फायरमनकी करू नये. कॅसच्या मार्गावर दोन ठिकाणी गाडी उलटी फिरते, जसे 1929 पर्यंत खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर होत असे. त्यामुळे दोन फिरतींमधल्या टप्प्यात इंजिनाचे तोंड आपोआप उताराकडे होते. तिथे पोचण्याआधीच पाणी भरून घ्यायचे असते, पोचल्यावर इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) सुरू करून भागत नाही. इंजिन पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात गाडीच्या खालच्या टोकाला राहून डबे वर ढकलते. कप्लिंग तुटले तर डबे इंजिनावर येऊन टेकावेत म्हणून.

शे यांच्या इंजिनाचा शेवटचा नमुना 162 अमेरिकी टनांचा. 1945 साली वेस्टर्न मेरिलँड रेल्वेसाठी बांधला, जेमतेम चार वर्षे चालला आणि मग बाल्टिमोरच्या संग्रहालयात उभा राहिला. 1980-81 मध्ये तो कॅसला आला आणि चालू लागला. झीज कमी आणि मुक्काम संग्रहालयात, म्हणून ते शक्य झाले. स्टेशनसमोर चबुतऱ्यावर तीस पावसाळे काढलेल्या इंजिनाचे असे होत नाही. रंगाखाली पाणी जाते, बॉयलरच्या वेष्टनाखाली ते साठते आणि पत्रा बाहेरून आत कुजतो. दर दोन वर्षांनी रंग मात्र लागतो.

आता आपल्याकडचे. भारतातही ओंडक्यांची रेल्वे होती. कोचीन संस्थानाची जंगल ट्रामवे, परंबिकुलमपासून चालकुडीपर्यंत, मीटर गेज, सुमारे 80 किलोमीटर. 1907 मध्ये सुरू झाली आणि 1963 मध्ये बंद झाली. कॅसला प्रवासी गाडी सुटली त्याच वर्षी ही मोडीत निघाली. वाटेतल्या अवघड उतारांवर इंजिन नव्हतेच: भरलेल्या वाघिणी तारदोराने खाली सोडायच्या आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वर ओढायच्या, मध्ये ब्रेक लावलेले चाक. अशा उताराचे सगळे गणित दोराच्या तब्येतीवर चालते. तुटक्या तारा मोजायच्या त्या दोराच्या एका पूर्ण पिळाच्या लांबीत, सबंध दोरावर नव्हे, कारण दोर तुटतो तो एकाच ठिकाणी. ही ट्रामवे आता व्याघ्र प्रकल्पात गडप झाली आहे आणि वाटेवर काही अवशेष उरले आहेत. तिचा आराखडा मांडायचा तर आता दगडी मोऱ्या आणि वाटेची वळणे मोजूनच मांडावा लागेल.

आणि 1907 हेच माथेरानच्या गाडीचेही साल. ती जंगल रेल्वे नव्हे, पण तिची जातकुळी तीच: दोन फुटी गेज, एकास वीसचा चढ, 18 मीटरपर्यंत आवळलेली वळणे. डब्यांवर हातब्रेक धरायला माणसे, ही पद्धतही कॅसची आणि माथेरानची एकच होती. आदमजी पीरभॉय यांचे नाव सगळे घेतात. बार्शी लाइट रेल्वेचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी या मार्गासाठी जी इंजिने योजली आणि जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने बांधली, त्यांच्या पोटात काय आहे हे मात्र क्वचितच कोणी पाहिले आहे. शे यांनी बोगी फिरवून जो प्रश्न सोडवला, तोच इथे क्लीन आणि लिंडनर यांच्या पोकळ आसाने सोडवला होता. पहिल्या आणि शेवटच्या चाकजोडीचा आस पोकळ नळीसारखा. त्याच्या आत दुसरा भरीव आस, तो बाहेरच्या क्रँकांनी फिरतो पण सरळच राहतो. दोघांना मधोमध एक गोळा आणि आरपार खीळ जोडते. आतला आस फिरला की खिळीमुळे बाहेरचा फिरतो, आणि वळण आले की चाकांसकट नळी गोळ्यावर तिरकी होते. सहा चाकांचे, दांड्यांनी बांधलेले इंजिन 18 मीटरच्या वळणातून जाते ते या गोळ्याच्या जोरावर.

दोष एकच. गोळा आणि खीळ आत बंद असतात, तेल तिथवर पोचले का हे बाहेरून कळत नाही. कोरडे पडले की खीळ झिजते, मग दांडा पुढे आणि चाक मागे असे होऊ लागते आणि प्रत्येक फेऱ्याला ठोका ऐकू येतो. हलत्या इंजिनात ठोका ऐकून ते उघडले जाते. उभ्या इंजिनात ठोका कुठून यायचा? आतले ओलाव्याने गंजून एक झाले तरी बाहेरून रंग चकचकीतच दिसतो.

या चार इंजिनांपैकी 740 क्रमांकाचे इंग्लंडला गेले. भारतात जी उरली आहेत त्यांच्याबाबत आमची मागणी लहान आहे. इंजिन चालवा असे आम्ही म्हणत नाही. बॉयलर तपासणे, नळ्या बदलणे, दाबचाचणी हा मोठा खर्च आहे आणि तो निर्णय रेल्वेने सवडीने घ्यावा. आधी एका इंजिनाची एक चाकजोडी बाहेर काढून उघडावी आणि कागदावर उतरवावी. इंजिन चार जॅकवर उचलायचे, दांडे सोडवायचे, जोडी खाली सोडायची. सोडवण्याआधी प्रत्येक भागावर ठिपक्याची खूण करावी, कारण शंभर वर्षे एकत्र झिजलेले दोन भाग अदलाबदल झाले तर पुन्हा बसत नाहीत. गंजलेले असेल तर घण मारू नये; केरोसीन आणि तेल मुरवून आठवडाभर थांबावे, मग बाहेरची नळी हळू तापवावी, आतला आस थंडच राहू द्यावा. गोळ्याचा व्यास तीन दिशांनी मोजावा. खिळीचा व्यास झिजलेल्या जागी आणि न झिजलेल्या टोकाला, दोन्हीकडे. मूळ माप टोकालाच सापडते. बाजूची सरक, मध्यावर परत आणणाऱ्या स्प्रिंगची मोकळी लांबी आणि वेटोळ्यांची संख्या. फोटोत प्रत्येक भागाशेजारी पट्टी ठेवावी.

मार्गाचेही मोजून ठेवावे. रूळ बदलले, वळणे सैल केली की जुनी रेषा कायमची जाते. वळणाच्या बाहेरच्या रुळावर 6 मीटरची दोरी ताणायची आणि मध्यावर दोरीपासून रुळापर्यंतचे अंतर, म्हणजे व्हर्साइन, मोजायचे. दोरीच्या लांबीच्या वर्गाला व्हर्साइनच्या आठपटीने भागले की त्रिज्या मिळते. 25 सेंटिमीटर आले तर त्रिज्या 18 मीटर. दर तीन मीटरला एक माप घेत गेले की सबंध वळणाचा आलेख तयार होतो. दोन माणसे सकाळची गाडी जाऊन परतीची यायच्या आत चार वळणे सहज मोजतात. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव, वजन आणि वर्ष उठवलेले असते. बाजूच्या कुंपणाला लावलेल्या जुन्या तुकड्यांवर तर ते अजून वाचता येते, तारेच्या ब्रशने घासून खडू फिरवला की पुरे.

चाकजोडीचे काम कुर्डुवाडीच्या कार्यशाळेत होऊ शकते. नॅरोगेजची कामे हाताळलेली माणसे तिथे आहेत, पण त्यांतली अनेक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. निघणाऱ्या नकाशांच्या तीन प्रती कराव्यात: एक कार्यशाळेत, एक नेरळला, एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात. काम पावसाळ्यात धरावे. तेव्हा नेरळहून माथेरानला जाणारी गाडी बंद असते आणि नेरळच्या शेडमध्ये जागा मोकळी असते.

आपले,
जुन्या रेल्वे सामग्रीच्या जतनात रस असलेले काही वाचक,
कल्याण